अकरावा मीटर

भोसरीत, जे ब्लॉकच्या पाण्याच्या टाकीमागे
आम्ही सॉसेजची सालं बनवतो.
प्राण्याची नाही, लाकडाची.
लग्न ठरताना हे मी दोनदा सांगितलं होतं,
तरी सासूबाई पहिलं वर्षभर
माझा डबा वेगळ्या फडक्यात बांधायच्या.

कॅनडाहून लगद्याचे तक्ते येतात, टीपकागदासारखे.
कॉस्टिकमध्ये भिजतात, मुरतात, काकवीसारखे होतात
आणि सडक्या मुळ्याचा वास सोडतात.
वास केसांत राहतो. बसमध्ये
शेजारची पदर नाकाला लावते,
मी नाशिक फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघते.

मग नळी निघते, हवा भरून, ओली,
वाळवणीच्या भट्टीतून चालत येते
आणि शेवटी यंत्र तिच्या चुण्या करतं.
पंचवीस मीटर, दीड वितीच्या कांडीत.
अशा निऱ्या माझ्या आईलाही जमल्या नसत्या.

माझं काम उजेडाचं.
नळीखाली ट्यूबलाइट, वर मी.
सुईच्या अग्राएवढं भोक दिसलं तर थांबवायचं,
नाही दिसलं तर चिठ्ठीवर सही.

परचुरे साहेब स्वतः अंडंही खात नाहीत.
त्यांनी जेवणघरात जगाचा नकाशा लावलाय.
नवा देश मिळाला की एका कामगाराला बोलावतात,
पेढा देतात, टाचणी देतात.
पहिला मॉरिशस. बहिर्जीकाकांचा हात थरथरला,
टाचणी बेटाशेजारी पाण्यात गेली.
ती अजून पाण्यातच आहे.
मग व्हिएतनाम, पोलंड, घाना.
चिली माझ्या वाट्याला आला.
इतका लांब, इतका अरुंद देश,
मला वाटलं हाही आमच्याच यंत्रातून निघाला.

एकदा हसीना मुलाणीने कॅम्पातून पाकीट आणलं,
बाहेरच्या देशाचं, महाग.
मी खाल्लं नाही, पण हातात घेतलं.
साल कुठंय गं?
ती म्हणाली, ते तिकडेच सोलतात,
शिजलं की काढून टाकतात.
मी बोट फिरवून पाहिलं.
आपलं त्यात काहीच नव्हतं
गोलपणा सोडला तर.

मार्चमध्ये पोलंडहून पत्र आलं.
लॉट ४४१७, कांडी बावीस, अकराव्या मीटरला भोक.
भरताना फुटली, लाइन सहा मिनिटं बंद.
सोबत फोटो, फोटोत चिठ्ठी,
चिठ्ठीवर पी. व्ही.
म्हणजे मी, पुष्पलता वंजारे.

क्वालिटीचा क्षितिज, माझ्या धाकटीच्या वयाचा,
फॉर्मवर 'मूळ कारण' अशी चौकट दाखवतो.
मला ती रात्र आठवते.
तीन वाजले असतील, खिशात फोन थरथरला
(फोन आत नेत नाहीत, मला माहीत आहे).
मुलगी म्हणाली, आई, आजी दाराशी बसलीय,
पुष्पा आली का, पुष्पा आली का, विचारतेय.
हल्ली त्यांना वेळ कळत नाही.
मी म्हटलं, सांग, येतेय.
तेवढ्यात काही मीटर पुढे सरकले असणार.

चौकटीत एवढं मावत नाही.
क्षितिजने लिहिलं, लक्ष विचलित.
मी सही केली.

तेरा वर्षांत किती नळी गेली माझ्या डोळ्यांखालून,
चाकणहून थेट समुद्रापर्यंत अंथरता येईल.
तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
एका भोकासाठी मात्र
कुठल्याशा गारठलेल्या गावात
एका माणसाने यंत्र थांबवलं,
चष्मा पुसला असेल,
आणि माझी दोन अक्षरं वाचली.

हे बरं वाटणं चुकीचं आहे, मला कळतं.
बोनसमधून दीड हजार गेले.

दुपारी पोलंडच्या टाचणीखाली बसून डबा उघडला.
मुळ्याची भाजी.
हसीना हसायला लागली ती थांबेचना.